मशीन ठेवणार कुठे?

शिवणकामाचं पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर टेप, खडू आणि कात्री असते. वडाळ्यात, नायगावात किंवा परळ-लालबागमध्ये राहणाऱ्या बाईला मात्र घरी शिवणाचा व्यवसाय करायचा म्हटला की त्याच्याही आधी एक प्रश्न पडतो. मशीन ठेवणार कुठे? नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेली घरं २२५ चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनात आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फूट. एवढ्यात ओटा, मोरी, देव्हारा, कपाट, दिवाण, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, आणि त्यात पायमशीन.

पायमशीनला स्टुलासकट, पाय हलवायला जागा धरून, साधारण १२ चौरस फूट लागतात. १६० मधले १२ म्हणजे घराचा तेरावा हिस्सा. घरातलं कुणीच एवढी जागा एकट्यासाठी मागत नाही, बाई तर नाहीच नाही. म्हणून मशीन दाराआड जातं, नाहीतर गॅलरीच्या टोकाला. त्यावर झाकण, झाकणावर टेबलक्लॉथ, टेबलक्लॉथवर घड्या न केलेले कपडे. शिवायला बसायचं तर आधी हे सगळं उतरवायचं, दिवाणावरची गादी गुंडाळून कापड पसरायचं, आणि संध्याकाळी माणसं घरी यायच्या आत पुन्हा होतं तसं करून ठेवायचं.

माझं म्हणणं असं की घरच्या शिवणकामातला सगळ्यात मोठा खर्च धाग्याचा, विजेचा किंवा मशीनच्या हप्त्याचा नसतो. तो या मांडामांडीचा असतो. दुपारची जेवणं आवरल्यापासून मुलं शाळेतून येईपर्यंत दोन-अडीच तास हाती लागतात. त्यातला अर्धा तास मांडण्यात जातो, अर्धा आवरण्यात. मधल्या वेळात हुकांची डबी सापडत नाही, कापून ठेवलेली एक बाही कुठल्यातरी पिशवीत गेलेली असते, आणि ती शोधताना ब्लाउजची वेळ टळते. जिचं मशीन कायम मांडलेलं आहे, तिला कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या वेळात दोन बाह्यांचं हेम करता येतं. हात दोघींचे सारखेच चालतात, पण महिनाअखेरीच्या कमाईत फरक पडतो तो इथे. हौशीने शिवणारी बाई व्यवसाय करायला लागते ती क्लासचं सर्टिफिकेट मिळाल्यावर नाही, तर घरातल्या एका कोपऱ्याला सगळे जण 'तिची जागा' म्हणायला लागले की.

असा एक कोपरा मी पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीत पाहिला आहे. फ्रिज आणि खिडकी यांच्यामधला. खिडकी मशीनच्या डाव्या अंगाला, कारण सुई मशीनच्या डाव्या टोकाला असते आणि उजेड थेट तिच्यावर पडतो. भिंतीवर प्लायवुडची फळी, तिच्यात ओळीने खिळे, खिळ्यांवर रिळं, फिक्या रंगापासून गडदाकडे. मशीनच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे, कारण खालच्या मजल्यावर रात्रपाळीहून आलेला माणूस झोपतो. दाराच्या मागे हूक आणि हुकांवर गिऱ्हाइकांच्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत कापड, अस्तर, मापाचं ब्लाउज आणि सेफ्टी पिनने टाचलेली चिठ्ठी: पुढचा गळा सात, मागचा नऊ, डोरी नको, द्यायची तारीख. कापायला वेगळी फळी, चार फूट बाय अडीच, जी एरवी कपाटामागे उभी असते आणि कामाच्या वेळी दिवाणावर आडवी पडते. या सगळ्याला खर्च आला तो फळ्यांचा आणि खिळ्यांचा. वेळ लागला तो घरच्यांची समजूत घालायला. फ्रिज सहा इंच सरकवायचा की नाही यावर त्या घरात बरेच दिवस चर्चा चालली होती म्हणे!

शिवण हे बाईचं घरातलं काम, असं आपण धरून चालतो, पण ते तितकं जुनं नाही. वडाळ्यात कात्रक रोडवर विठ्ठलाचं देऊळ आहे. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही अशी मुंबई तिथे लोटते, आणि प्रतिपंढरपूर म्हणूनच ते देऊळ ओळखलं जातं. त्या विठ्ठलाचे लाडके भक्त नामदेव हे शिंपी. गुरू ग्रंथ साहिबात गेलेल्या त्यांच्या एका पदात गज आणि कात्री दोन्ही आहेत, म्हणजे भक्ती सांगतानाही धंद्याची हत्यारं हातातून सुटली नव्हती. कापड बेतून, शिवून पोट भरणं हा पिढ्यान्‌पिढ्या शिंप्यांचा व्यवसाय होता आणि तो बाजारपेठेत बसून व्हायचा. घरात बायकांचं शिवण म्हणजे गोधडी, कुंची, झबलं, आणि फाटलं तर ठिगळ. त्याचे पैसे कुणी द्यायचे नाहीत आणि मागायचेही नाहीत. घरच्या शिवणाला दाम नाही ही सवय तिथून आली आहे. तिच्याकडे मी पुढे येतेच.

यात बदल झाला तो मशीन उंबरठा ओलांडून आत आल्यावर. आयझॅक सिंगरने अमेरिकेत पेटंट घेतलं १८५१ साली. पण मशीन घराघरांत गेलं ते त्याच्या कंपनीने काही वर्षांतच हप्त्यावर विकायला सुरुवात केली म्हणून. गांधीजी यंत्रांच्या विरोधात, पण शिवणयंत्राला त्यांनी सूट दिली होती. १९२४ साली 'यंग इंडिया'त आलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरचं उदाहरण दिलं: बायकोचे हाताने टाके घालण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून त्याने यंत्र बनवलं. सिंगरचं खरं चरित्र इतकं सोज्वळ नाही. या गृहस्थाचे एका वेळी एकाहून अधिक संसार चालू होते. तरी गांधीजींचा मुद्दा बरोबर होता. हे यंत्र बाईच्या पायाच्या वेगाने चालतं आणि ती थांबली की थांबतं. पुढे कोलकात्यात 'उषा' तयार होऊ लागलं, आणि आपल्याकडे शिवणाचं मशीन म्हटलं की काळ्या रंगावर सोनेरी नक्षीचं तेच डोळ्यांपुढे येऊ लागलं. आहेरातही ते मिळू लागलं. मराठीतून शिकणाऱ्यांच्या हाती के. आर. झारापकरांचं बेतकामाचं पुस्तक आलं आणि मुंढा, टक्स, कटोरी यांचं गणित घरबसल्या शिकता येऊ लागलं.

गिरणगावात मात्र मशीनची गरज हौसेपायी वाढली नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले अनेक पुन्हा आत गेलेच नाहीत. घरात येणारा पगार थांबला तेव्हा जिला जे येत होतं त्याचे तिने पैसे केले. जेवणाचे डबे, पापड-लोणची, धुणीभांडी, शिवण. यातल्या काही कामांना आधीपासून संस्थांचं छत्र होतं. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. शिवणाच्या वाट्याला असं छत्र आलं नाही. पापड एकत्र बसून लाटता येतो. ब्लाउज मात्र ज्या बाईचं माप, तिच्या आणि शिवणारीच्या मध्येच ठरतं. त्यामुळे शिवणारी प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटी राहिली. तिच्याबद्दल लिहिलं गेलं नाही, आणि तिचे दरही तिने एकटीनेच ठरवले, बहुतेक वेळा शेजारणीच्या तोंडाकडे बघून.

आज स्प्रिंग मिलच्या जागेवर उंच टॉवर उभे आहेत आणि गिरणी कामगारांच्या सोडतीतल्या घरांच्या इमारतीही. शिवणारी आणि शिवून घेणारी आता एकाच रस्त्याला राहतात. विसाव्या मजल्यावरची बाई लग्नासाठी दुकानातून हजारोंचं ब्लाउज शिवून आणते, पण रोजच्या ऑफिसच्या कुर्त्याची बाही आखूड करायला, जीन्सची लांबी कमी करायला, साडीला फॉल-बिडिंग करायला तिला चालत जाता येईल अशी ताई हवी असते. मोठं दुकान असली कामं घेत नाही, घेतलीच तर नाखुशीने. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझा सल्ला आहे की या कामांना हलकं समजू नका. अल्टरला कापायला टेबल लागत नाही, उधारी राहत नाही, आणि एकदा पँट नीट करून दिली की पुढच्या वेळी तीच बाई सहा ब्लाउज घेऊन येते.

शिवणाऱ्यांमध्ये एक वेगळा वर्ग आहे आणि त्याची गल्लत होऊ नये. धारावी वडाळ्यापासून फार लांब नाही. तिथल्या कारखान्यांतून कापलेले तुकडे गाठोड्याने घरोघरी जातात. कॉलर लावायची, धागे कापायचे, बटणं लावायची, आणि पैसे नगावर. मशीन बाईचं, वीज बाईची, जागा बाईची, फक्त दर ठेकेदाराचा. अशा घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. या पुस्तकात ज्या व्यवसायाबद्दल लिहिलं आहे तो हा नव्हे. इथे गिऱ्हाईक स्वतःचं, माप स्वतः घेतलेलं आणि दरही स्वतःचा. तरी आखाडात हात रिकामे असताना गाठोडं दाराशी आलं तर ते नाकारणं किती कठीण जातं, हे मी जाणते. कुणी ते घेतलं म्हणून तिला नावं ठेवणार नाही. फक्त नवरात्रीच्या तोंडावर तेच गाठोडं आपल्या गिऱ्हाइकांच्या पिशव्यांच्या पुढे येऊ देऊ नये.

आखाड म्हटला की ओघाने वर्षाचं चक्र येतं. शिवणवालीचं पंचांग वेगळं. संक्रांतीला वाण म्हणून बटवे आणि छोट्या पर्स, तेही पंचवीस-पन्नासच्या हिशेबाने. फेब्रुवारीपासून लग्नं. शाळा उघडताना गणवेश, म्हणजे पिनोफ्रॉकच्या बाजू सोडणं आणि पँटच्या कमरा वाढवणं. पावसात कामं कमी आणि दुरुस्ती जास्त. दमट हवेत सुया गंजतात, शटल जड होतं, मशीन तेल मागतं. हिंदमाताला पाणी भरायच्या आत तिथल्या कापडबाजारातून अस्तरं भरून ठेवलेली बरी. श्रावणात मंगळागौरीच्या शिवलेल्या नऊवाऱ्या, मग गणपती-गौरी. पितृपक्षात पंधरा दिवस शांतता, आणि तिच्यामागोमाग नवरात्र. वर्तमानपत्रांनी नऊ रंग रूढ केल्यापासून ऑफिसला जाणारी बाई नऊ दिवसांची नऊ ब्लाउजं मागते आणि ती सगळी तिला घटस्थापनेच्या आदल्या दिवशी हवी असतात. तिथून दिवाळीपर्यंत उसंत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांना एकच तारीख देण्याचा मोह याच दिवसांत होतो. पोर्ट ट्रस्टच्या त्या कोपऱ्यातल्या बाईंनी भिंतीवर कॅलेंडर लावलं आहे. दिवसाला तीन पिशव्या भरल्या की त्या तारखेवर काट मारतात आणि काट मारलेली तारीख कुणालाही देत नाहीत, सख्ख्या जावेलासुद्धा.

आता दराचं. अस्तराचं साधं ब्लाउज धरू. समजा त्याची शिलाई ५०० रुपये घेतली. अस्तर, हूक, धागा, फ्यूजिंग यांचे १०० गेले. वीज, सुया, तेल, मशीनची दुरुस्ती यांना ३० धरा. मशीनची मोटर शंभरेक वॅटची, ती फारशी खात नाही. बेस्टचं बिल वाढवते ती इस्त्री. राहिले ३७०. आता वेळ. माप आणि बोलणं पंधरा-वीस मिनिटं, अस्तर भिजवून वाळवून त्यावर कापणं अर्धा तास, शिलाई पावणेदोन तास, हेम-हूक-आय अर्धा तास, ट्रायल आणि उसवून पुन्हा टीप मारणं अर्धा तास. साडेतीन तास झाले. तासाला साधारण १०५ रुपये पडले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गल्लीत वेगळे असतील. पण हिशेब असाच मांडायचा. बहुतेक जणी फक्त शिलाईचे पावणेदोन तास मोजतात आणि बाकीचा वेळ घरकामात जमा करतात. एकच ब्लाउज तासाला २११ रुपये देतं असं मग त्यांना वाटतं, आणि महिन्याच्या शेवटी पैसे गेले कुठे ते कळत नाही.

आणि नात्यातली शिवणं. ''अगं, दोनच टिपा मारायच्या आहेत.'' हे वाक्य ज्या शिवणवालीने ऐकलं नाही ती मुंबईत राहत नसावी. दोन टिपांसाठी मशीनवरचं लाल रीळ उतरतं, हिरवं चढतं, बॉबिन भरलं जातं, सुई बदलावी लागते, आणि मग चहा होतो. बरं, पैसे कसे मागायचे? माझ्या मते मागायचेच नाहीत, आधी सांगायचे. दरपत्रक कोपऱ्यात टांगलेलं असलं की बोलावं लागत नाही. नणंदेला फुकट शिवून द्यायचं असेल तर जरूर द्यावं, पण वहीत ते पूर्ण दराने लिहून पुढे 'भेट' असं टाकावं. वर्षाच्या शेवटी त्या भेटींची बेरीज केली की अनेकींचे डोळे उघडतात. क्वचित नणंदेचेही.

मोठ्या शिलाईपेक्षा बारीक गोष्टींवर गिऱ्हाईक टिकतं. मापाचं ब्लाउज देताना बाई सांगते, ''हेच माप, पण थोडं सैल.'' थोडं म्हणजे किती? आणि सैल कुठे? छातीत, कमरेत की मुंढ्यात? मुंढ्यात काचत असेल तर छाती सैल करून उपयोग नाही. खांदा उतरत असेल तर गळाच मोठा झालेला असतो. छाती ३६ असली तर चौथा हिस्सा ९, त्यात सैलसरपणा आणि शिलाईचं कापड मिळवायचं, एवढं कुठलंही पुस्तक सांगतं. पण बाजूंना आत दीड इंच कापड सोडून ठेवलं की दोन वर्षांनी तेच ब्लाउज उसवून वाढवता येतं, आणि बाई ते वाढवायला तुमच्याकडेच येते. मी अनेक घरांत विचारलं. जुनी गिऱ्हाइकं का टिकली याचं उत्तर बहुतेकींनी हेच दिलं: आत कापड सोडते म्हणून.

कपाटात साठलेल्या ओटीच्या ब्लाउजपीसचाही विचार करा. प्रत्येक मराठी घरात त्यांची चळत असते. एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात, शिवले कधीच जात नाहीत. एकीने गिऱ्हाइकांकडून हे पीस गोळा करून त्यांचीच आतून अस्तर लावलेली भाजीची पिशवी शिवून द्यायला सुरुवात केली. २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा अशा पिशव्यांना एकदम मागणी आली होती. बंदीचा जोर ओसरला, पण तिच्या पिशव्यांची मागणी चालूच राहिली, कारण त्यात ज्याची त्याची आठवण असते. खणाच्या पिशवीला तर लोक नाव विचारून येतात.

सरकारी योजनांवर एक प्रकरण आहे, पण ते लहान ठेवलं आहे. पालिका गरजू बायकांना शिवणयंत्र देते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे: अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांचं कर्ज. मुद्रा योजनेतल्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत मिळतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. हे सगळं उपयोगी आहे. पण योजनेतून आलेलं मशीन खोक्यासकट माळ्यावर गेलेलं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. बाई आळशी नव्हती. मशीनला जमिनीवर जागा नव्हती. योजनेच्या अर्जात उत्पन्नाचा दाखला मागतात, राहत्या घराचा पुरावा मागतात. मशीन ठेवणार कुठे, हे कुणी विचारत नाही.

या पुस्तकात काय नाही तेही सांगते. बुटीक कसं काढावं, कारागीर कसे ठेवावेत, दुसरी शाखा कशी उघडावी, यातलं काही नाही. एका माणसाने, एका मशीनवर, राहत्या घरातून चालवलेला व्यवसाय हा मोठ्या धंद्याची पहिली पायरी असलाच पाहिजे असं मला वाटत नाही. लहान ठेवणं हाही निर्णय असू शकतो. ज्यांना मोठं व्हायचं आहे त्यांना वाट सापडेल, त्यासाठी दुसरी पुस्तकं आहेत. मोबाईलवर फोटो टाकून गिऱ्हाईक कसं मिळवावं यावरही प्रकरण नाही. ते तुमची मुलगी माझ्यापेक्षा बरं सांगेल.

प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. पहिली दोन जागेची आहेत. ज्यांचं मशीन आधीच मांडलेलं आहे त्यांनी ती सोडून सरळ हिशेबाच्या वहीकडे जावं. हिवाळ्यातल्या लग्नसराईत पुस्तक हाती आलं असेल तर तारखांचं प्रकरण आधी. शेवटच्या पानावर दरपत्रकाचा नमुना आहे. त्यात साधं ब्लाउज, अस्तराचं ब्लाउज, प्रिन्सेस कट, परकर, फॉल-बिडिंग, अल्टर अशी नावं छापली आहेत आणि समोरचे रकाने मुद्दाम कोरे ठेवले आहेत. आजूबाजूला चार ठिकाणी विचारून, आपला वेळ मोजून, ते पेनाने भरायचे आणि पान फाडून मशीनच्या वर टांगायचं.